जास्तीचे दोन तास

१

शुक्रवारी दिवेलागणीला दर्शनाचा आवाज ऐकून शेजारच्या बायका धावत आल्या, तेव्हा तिच्या आईच्या, सगुणाबाईंच्या खाटेशेजारची पत्र्याची पेटी उघडी पडली होती. आत दोन लुगडी होती, चष्म्याचा रिकामा डबा होता आणि एक लाल फडकं होतं. त्या फडक्यात गुंडाळलेली वही मात्र नव्हती.

"दुपारी बारा वाजता मी स्वतः पुसून ठेवलेली," दर्शना म्हणाली. "आयेची वही गेली गो!"

कोपरीच्या गावठाणात ती वही कसली हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. सगुणाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गावे लागतात, आणि ते गाणारी बाई उभी राहिल्याशिवाय कुणी नवऱ्यामुलाच्या अंगाला हळद लावत नाही. चाळीस वर्षं सगुणाबाईंनी हे काम केलं होतं. सासूकडून ऐकलेली गाणी त्यांनी म्हातारपणी एका जाड वहीत उतरवली. एकशे अठरा धवले, मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात. तीन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून एवढ्या सगळ्या गाण्यांना वहीशिवाय दुसरं घर उरलं नव्हतं.

आणि रविवारी, म्हणजे दोन दिवसांवर, गावठाणातल्याच काळुरामकाकांच्या नातवाची, हर्षितची हळद होती.

शनिवारी सकाळी दर्शनाने वर्तकनगरला माधवी प्रधानांना फोन लावला.

"पोलिसांना सांगितलंस?" माधवीताईंनी विचारलं.

"वहीसाठी पोलीस येतात का, ताई? आणि शोधायचं काय त्यात? कोणी नेली ते मला माहीत आहे. माझ्या बहिणीने."

"ती पण कोपरीतच असते?"

"नाही. अमेरिकेत. आज दुपारी येतेय."

माधवीताईंनी हातातला कप खाली ठेवला. वही काल चोरीला गेली होती, आणि जिच्यावर आळ होता ती बाई अजून यायची होती.

२

माधवी प्रधान एका विमान कंपनीत तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. विमानात त्या कधी फारशा बसल्या नाहीत. विमान कोणत्या वाटेने जाईल, वारा कुठून असेल, किती वेळ लागेल, किती इंधन भरायचं, हे जमिनीवर बसून ठरवायचं त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली शिकलेला सुश्रुत पुढे त्यांचाच साहेब झाला. त्याच्या बढतीच्या पार्टीत त्यांनी हसून पेढा खाल्ला आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत.

दर्शनाची ओळख झाली ती व्यायामोपचाराच्या केंद्रात. माधवीताई गुडघ्यासाठी जायच्या आणि दर्शना आईला घेऊन यायची. वाट बघताना माधवीताई नोकरीतल्या गमती सांगायच्या. मध्यंतरी त्या केंद्रात दोन पेशंटांचे एक्स-रे बदलले गेले होते. ते कसे बदलले हे माधवीताईंनी बसल्या जागी शोधून काढलं. तेव्हापासून तिथल्या मुली त्यांना 'डिटेक्टिव्ह मॅडम' म्हणायला लागल्या, आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

दुपारी त्या कोपरीला पोचल्या. सगुणाबाई खिडकीशी खाटेवर पडल्या होत्या. माधवीताईंना बघताच त्यांनी डावा हात उचलला आणि गादीवर आपटला. एकदा, दोनदा, मग आपटतच राहिल्या.

"पाणी मागते," म्हणत दर्शनाने भांडं पुढे केलं. सगुणाबाईंनी तोंड फिरवलं. "कालपासून असंच चाललंय. वही गेल्याचा धक्का बसलाय तिला."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. परदेशातल्या कुठल्याशा सभागृहात, नऊवारीत, माइकसमोर उभी असलेली बाई. खाली इंग्रजीत नाव, प्राप्ती.

"आयेनेच लावायला सांगितला," दर्शना म्हणाली. "तिकडे ती आपले धवले गाते. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. पेपरात येतं. आणि तुम्ही खरं सांगू का ताई, तिला एक चाल धड येत नाही! वीस वर्षं झाली तिला जाऊन. आयेच्या मागे उभी राहून प्रत्येक हळदीत मी गायले. आयेचं हगणं-मुतणं मी काढते. आणि फोटो तिचा."

"पण ती तर काल विमानात होती ना?"

"ते तुम्हीच बघा," दर्शना म्हणाली. "तुम्हाला विमानातलं कळतं."

३

घरी कालच्या दिवसात येऊन गेलेला बाहेरचा माणूस एकच, जयेश. डोंबिवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा आणि लग्नगीतांवर प्रबंध लिहायचा. माधवीताईंनी बोलावल्यावर तो घाईघाईने आला.

"मी काल सकाळी दहाला आलेलो, फक्त वहीचे फोटो मागायला," तो म्हणाला. "दर्शनाताईंनी दारातूनच हाकललं. ही तिसरी वेळ. बारापासून सहापर्यंत मी कॉलेजात तोंडी परीक्षा घेत होतो, साठ मुलं साक्षीला आहेत. आणि मी कशाला चोरू? सगुणाआजींनी मला परवानगी दिलेली. वही ज्या कुणाकडे जाईल तिच्याकडून फोटो घे, म्हणालेल्या."

"कुणाकडे जाणार होती?"

जयेशने दर्शनाकडे बघून आवाज खाली आणला. "आजारी पडायच्या आठवडाभर आधी आजी म्हणाल्या, प्राप्ती आली की वही देऊन टाकणार. दर्शनाताई तिथेच होत्या. भाकऱ्या थापत होत्या."

दर्शनाने ऐकलं होतं. ती उठून आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच यायला लागला.

तीन वाजता दारात रिक्षा थांबली. दोन मोठ्या बॅगा घेऊन प्राप्ती उतरली. पन्नाशीकडे झुकलेली, केस आखूड कापलेले, आवाज घोगरा. आत येताच ती आईच्या गळ्यात पडली. सगुणाबाईंनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिचा हात गादीकडे ओढला.

"पाठ अवघडली असेल," दर्शना मध्ये पडली. "सोड, मी बघते."

वही गेल्याचं कळल्यावर प्राप्तीने पेटी उपसून ते लाल फडकं झटकून बघितलं. माधवीताईंना तिचा चेहरा खरा वाटला. मग दर्शना सगळ्यांसमोर म्हणाली, "तुलाच ठाऊक असणार ती कुठे हाय."

"मला? वेडी आहेस का? मी काल विमानात होते!"

"प्रवास कसा झाला?" माधवीताईंनी सहज विचारलं.

"विचारू नका. नेहमी दुबईवरून येते, या वेळी म्हटलं डायरेक्ट येऊ. नेवार्कहून काल सकाळी नऊला निघालो, आज साडेअकराला मुंबई. सोळा तास, ताई! पायांची वाट लागली."

"उशीर झाला का विमानाला?"

"छे. अगदी वेळेवर."

माधवीताईंनी मान डोलावली. मनातल्या मनात त्यांनी एक साधी वजाबाकी केली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही बाई खोटं बोलते आहे.

४

त्यांनी प्राप्तीला मागच्या पडवीत नेलं.

"नेवार्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर," त्या म्हणाल्या. "अंतर जाताना आणि येताना सारखंच. पण वेळ सारखा नसतो. वर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, आणि फेब्रुवारीत तर फारच. अमेरिकेतून इकडे येताना तो पाठीशी असतो, तिकडे जाताना तोंडावर. म्हणून इथून तिकडे सोळा तास लागतात. तिथून इकडे चौदा. विमान नऊला निघालं असतं तर साडेनऊलाच मुंबईत उतरलं असतं. आणि वेळेवर होतं म्हणता."

प्राप्तीने मागे वळून घराच्या दाराकडे बघितलं.

"जी बाई त्या विमानात बसली असती तिला चौदा तास आठवले असते. तुम्ही आकडा फोनवर बघितलात. पण 'मुंबई ते नेवार्क' असं शोधलंत. कारण शोधताना तुम्ही मुंबईतच होतात. मनाने माणूस जिथे असतो तिथूनच अंतर मोजतो. मग साडेअकरातून सोळा तास आणि दोन देशांच्या घड्याळांतले साडेदहा तास मागे गेलात आणि नऊ वाजता निघालात. तुम्ही आलात कधी?"

मग प्राप्तीने विचारलं, "दर्शनाला सांगणार?"

"वही तुम्ही घेतलीत का, त्यावर अवलंबून आहे."

"गुरुवारी दुपारी उतरले. दुबईवरूनच. सरळ शहाडला ठकूमामीकडे गेले." तिचा घोगरा आवाज आणखी बसला. "ताई, मी तिकडे गाते ते शब्द खरे आहेत, लहानपणचे पाठ आहेत. चाली माझ्या मनाच्या आहेत. तिकडे कुणाला कळत नाही. पण उद्या हळदीला साठ बायका असतील, आणि समोर दर्शना. ती हसली असती. म्हणून मामीकडे दोन दिवस शिकायला बसले. आईबरोबर मामी गायची ना पूर्वी."

"धाकट्या बहिणीला विचारायचं."

"तिला?" प्राप्ती एकदम उसळली. "तुम्ही तिचा आवाज ऐकलाय? शाळेत असताना मी आठ दिवस घोकायचे आणि ती एकदा ऐकून म्हणायची. आई म्हणायची, प्राप्ती, तू आपली अभ्यास कर. मी अभ्यास केला. अमेरिकेपर्यंत केला. तिच्याकडे जाऊन मला शिकव म्हणू? मरेन त्यापेक्षा."

सांगून झाल्यावर ती पडवीमागच्या खाडीकडे बघत राहिली. माधवीताईंना सुश्रुतचा पेढा आठवला.

पण प्राप्ती खरं बोलते याला पुरावा काय? शुक्रवारी ती मुंबईजवळच होती. शहाडहून कोपरीला यायला तासभर पुरतो. म्हणजे विमानाचा आडोसा गेला, आणि दर्शनाचा आळ आता जास्तच पक्का दिसत होता.

५

रविवारी सकाळीच माधवीताई शहाडला गेल्या. ठकूमामी पंचाहत्तरीच्या, काटक, अंगणात बोंबील निवडत बसल्या होत्या.

"प्राप्ती? ती शुक्रवारी सगला दिवस माझे घरा होती," त्या म्हणाल्या. "सकालचे पासून दिवा लावेपर्यंत आ-आ करीत होती. पोरीचा गला बसला. शेजारचा गणू येऊन बोलला, आजी, आता बास करा."

गणूही भेटला. त्याने हसत हसत तेच सांगितलं. वर म्हणाला, "आवाज बेकार, पण जिद्द भारी."

माधवीताई परत निघाल्या. वाटेत रिक्षात बसल्या बसल्या त्यांना एक गोष्ट टोचायला लागली. आतापर्यंत ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती, पण त्यांनी ती बघितलीच नव्हती.

वही शुक्रवारी दुपारी बारा ते संध्याकाळी सातच्या मध्ये गेली असं दर्शना सांगत होती. त्या वेळी प्राप्ती अमेरिकेत किंवा आकाशात आहे, असं सगळं घर समजत होतं. बहिणीवर आळच घ्यायचा तर कुणीही चोरीची वेळ शनिवारी संध्याकाळची सांगेल, बहीण घरात आल्यानंतरची. मग दर्शनाने शुक्रवारच का सांगितला? आणि शनिवारी सकाळी फोनवर, प्राप्तीने तोंड उघडायच्याही आधी, ती इतकी ठाम कशी होती?

बहीण विमानात नाही हे तिला आधीच माहीत असेल, तरच.

त्यांनी रिक्षा वळवायला लावली. मामी अजून बोंबीलच निवडत होत्या.

"मामी, प्राप्ती इकडे आहे हे तुम्ही दर्शनाला सांगितलंत?"

"नाय गो. प्राप्तीनं शपथ घातलेली."

"शुक्रवारी दर्शनाचा फोन आलेला?"

मामींचा हात थांबला. "आलता. दुपारचा. हळदीला किती वाजता येतेस, विचारीत होती. मी बोलले, येतय सांजचे. मग ती गप झाली. मी हॅलो हॅलो केला. ठेवला तिनं."

"तेव्हा प्राप्ती कुठे होती?"

"हितंच. माझे मागे." मामी माधवीताईंकडे बघत राहिल्या. "गात होती."

६

दुपारी कोपरीच्या घरात चौघीच होत्या. मांडवात बायका जमायला अजून दोन तास होते.

"दर्शना," माधवीताई म्हणाल्या, "शुक्रवारी मामीला केलेल्या फोनवर तू प्राप्तीचा आवाज ऐकलास."

दर्शना आईची उशी सारखी करत होती. तिने वर बघितलं नाही.

"तुझी बहीण गुपचूप आलीय आणि तुझ्या आईची गाणी मामीकडून शिकतेय. तुला वाटलं, आता चालीही नेणार. शब्द तिच्याकडे होतेच, फोटो तिचा होता, वही तिलाच मिळणार असं तू ऐकलेलं. म्हणून वही तू काढलीस. मग तुला हवा होता तो एक माणूस, जो तिचं विमानाचं खोटं चारचौघांत पकडेल. पोलिसांना ते जमलं नसतं. सगळ्या ठाणे शहरात तुझ्या ओळखीत असं माणूस एकच होतं. मला तू चोर शोधायला बोलावलंच नव्हतंस. तिच्या प्रवासातलं खोटं, ते जास्तीचे दोन तास, शोधायला बोलावलंस. आणि मला 'डिटेक्टिव्ह मॅडम' म्हटलेलं आवडतं, हेही तुला ठाऊक होतं."

"वही कुठाय?" प्राप्ती उभी राहिली. "दर्शना, वही कुठाय?"

माधवीताई खाटेजवळ गेल्या. "ज्यांनी बघितलं त्या परवापासून सांगतायत," त्या म्हणाल्या. "पाण्याचं भांडं समोर आलं की तोंड फिरवतात आणि गादीवर हात आपटतात. मी आले तेव्हा मला सांगितलं, प्राप्तीचं तर मनगट धरून ओढलं. तहान नव्हती, पाठही अवघडली नव्हती. वही त्यांच्याच अंगाखाली आहे."

प्राप्तीने आईला कुशीवर वळवलं आणि माधवीताईंनी गादी उचलली. वही तिथेच होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

"मी फाडणार नव्हते," दर्शना भिंतीला टेकून म्हणाली. "जाळणार पण नव्हते. मना फक्त तिला साठ बायकांत खाली बघताना बघायचं होतं. एकदा. एकदाच." मग ती आईकडे वळली. "तू सगला बघत होतीस आये, आणि तुला बोलता येत नव्हता. ते मना ठाऊक होता. त्याच्यासाठी मना काय शिक्षा द्यायची ती दे."

माधवीताईंनी वही सगुणाबाईंच्या डाव्या हाताशी ठेवली. "तुमची आहे. ज्यांना द्यायची त्यांना द्या."

सगुणाबाईंची बोटं वहीच्या कडेवर घट्ट झाली. त्यांनी ती छातीशी ओढली. थोरलीकडे बघितलं. मग हात लांब केला, दर्शनाकडे.

"नको," दर्शना मागे सरली. "आये, तू बोललेलीस प्राप्तीला देणार."

"आई 'प्राप्तीला' म्हणाली नव्हती," प्राप्ती हळूच म्हणाली. "जयेशने मला कालच सांगितलं. प्राप्ती आली की देणार, म्हणाली. तुला द्यायची होती, पण माझ्यासमोर. नंतर मी भांडू नये म्हणून." ती ओठ चावत होती. "भांडलेच असते मी. आत्ताही बघवत नाहीये."

हात अजून तसाच लांब होता आणि वहीच्या वजनाने खाली जात होता. शेवटी दर्शनाने गुडघ्यांवर बसून ती घेतली.

संध्याकाळी मांडवात हर्षित पाटावर बसला. ताटात हळद होती, साठ बायका होत्या, खुर्चीत उशांचा आधार घेऊन सगुणाबाई होत्या. काळुरामकाकांनी दोनदा आवाज दिला, "चला, धवला घ्या." दर्शना वही मांडीवर घेऊन बसली होती, पण तिचं तोंड उघडेना. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. वही गेली कशी आणि मिळाली कुठे, हे तोवर अर्ध्या गावठाणाला कळलं होतं.

मग प्राप्तीने सुरुवात केली. बसलेल्या गळ्याने, हळदीचा पहिला धवला. शब्द बरोबर होते. चाल पहिल्या ओळीला जराशी घसरली, दुसऱ्या ओळीला पार सुटली. मागच्या दोन पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. प्राप्तीचे कान लाल झाले, तरी ती थांबली नाही. तिसऱ्या ओळीवर आली.

दर्शनाने डोळे मिटून घेतले होते. तिला ते सहन होईना. शरम एका बाजूला आणि तो चुकीचा सूर एका बाजूला.

"असा नाय गो!" ती ओरडली, आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली.